प्रोत्साहन पुरे, प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे आहे?

संपादक महोदय,
सादर नमस्कार.

कालच्या अंकातलं तिसऱ्या पानावरचं छायाचित्र पाहिलं. चार कॉलमांत छापलंय, तेव्हा न दिसण्याची सोयच नव्हती. काठपदराच्या साड्या, गजरे, हातात आरतीची ताटं, आणि खाली ओळ, 'विज्ञान दिनी विद्यार्थिनींनी पाहुण्यांचं उत्साहात स्वागत केलं.' वरचा मथळा मात्र 'मुलींनी विज्ञान-तंत्रज्ञानाकडे वळावं' असा. वळतील हो. आधी त्यांच्या हातातलं ताट कुणीतरी घ्या.

त्या रांगेत मान खाली घालून उभी असलेली एक मुलगी माझी नात आहे. शाळेचं नाव मी इथे लिहीत नाही, पोरीला अजून बारावी तिथेच काढायची आहे. कुठली शाळा ते काल ज्यांनी अंक वाचला त्यांना ठाऊक आहेच.

आपल्या बातमीत एका ओळीत 'विद्यार्थ्यांनी विविध मॉडेल्स सादर केली' असं आलं आहे. त्या 'विविध'मधलं एक मॉडेल आमच्या जेवणाच्या टेबलावर तयार झालं. नात आणि तिची मैत्रीण, दोघीही अकरावीला, दोघींचे विषय मॅथ्सचे. बुटांचं खोकं, दाढीच्या दोन पात्यांमधली बारीक फट आणि तिच्या बाबाची एक जुनी सीडी, एवढंच सामान. सीडीवरच्या रेघा एकमेकींपासून साधारण 1.6 मायक्रोमीटर अंतरावर असतात, त्यामुळे फटीतून आलेला प्रकाश तिच्यावर पडला की रंगांत फाकतो. असला स्पेक्ट्रोस्कोप कुणीही करू शकतो. पण या दोघी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. घरातला एकूण एक दिवा त्यांनी त्या खोक्यातून पाहिला. एलईडीचा रंगपट्टा सलग दिसला. माळ्यावर पडलेला जुना सीएफएल मी शोधून दिला, त्याच्या मात्र सुट्या सुट्या रेघा आल्या. (त्यात पाऱ्याची वाफ असते.) "आजी, मधले रंग गेले कुठे?" हा प्रश्न तिला पडला, मी पाडला नाही. मग पाऱ्याची हिरवी रेघ 546 नॅनोमीटरची, हे तिने पुस्तकातून स्वतः हुडकलं आणि खोक्यावर कागदाची मोजपट्टी चिकटवून बाकीच्या रेघा मोजायला बसली. त्या आठवड्यात आमच्याकडे जेवणं ताट मांडीवर घेऊन झाली, पण तक्रार कुणाची नव्हती.

आता कार्यक्रमाच्या सकाळी काय झालं ते ऐका. मॉडेल टेबलावर, या दोघी टेबलामागे. तेवढ्यात एक मॅडम आल्या. "बेटा, तुम दोनों स्वागत में आ जाओ, लड़कियां कम पड़ रही हैं। मॉडल तो ये समझा देगा।" 'ये' म्हणजे शेजारच्या टेबलावरचा मुलगा. त्याचा काही दोष नाही, त्यालाही ऐन वेळी उभं केलं. साड्या कुणाच्या तरी घरून आल्याच होत्या, म्हणजे हा बेत आधीचा. पाहुणे टेबलापाशी आले तेव्हा त्या मुलाने "इससे इंद्रधनुष बनता है" असं सांगितलं, पाहुणे वा म्हणाले, फोटो काढला आणि पुढे गेले. सीएफएलच्या रेघांचा तक्ता घडी घालून खोक्याखाली ठेवला होता, तो उघडलाच गेला नाही. मैत्रीण रडली. आमची रडली नाही. घरी आल्यावर गजरा काढून देवापुढे ठेवला आणि अभ्यासाला बसली, मला तेच जास्त लागलं.

आणि मग पाहुण्यांचं भाषण. ते आपण जवळजवळ पूर्ण छापलंत, धन्यवाद. कल्पना चावला झाल्या, चांद्रयान झालं, 'आजची मुलगी घर आणि करिअर दोन्ही सांभाळू शकते' हेही झालं. मुलग्यांच्या कार्यक्रमात घर सांभाळण्याचा विषय निघालेला मी तरी अजून ऐकलेला नाही. निघत असेल तर कळवावं, मी उपस्थित राहीन.

मंचावर चंद्रशेखर वेंकट रामन यांची तसबीर होती, तिला हार होता. असायलाच हवा, 28 फेब्रुवारी हा दिवसच त्यांच्या शोधाचा. 1928 साली पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश द्रवातून पाठवून, हातात मावणाऱ्या स्पेक्ट्रोस्कोपमधून त्यांनी रामन परिणाम पाहिला, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशात मूळ दिव्यात नसलेले रंग. पाऱ्याचा दिवा, स्पेक्ट्रोस्कोप आणि मूळ दिव्यात नसलेल्या नव्या रेघा! म्हणजे अख्ख्या सभागृहात रामन यांच्या कामाच्या सर्वांत जवळचं असं जे काही होतं, ते त्या बुटांच्या खोक्यात होतं, आणि ते करणाऱ्या दोघी दारात कुंकू लावत होत्या.

रामन यांचा विषय निघालाच आहे, तर राहिलेलंही सांगते. 1933 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कमला भागवत नावाच्या मुलीने अर्ज केला. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त अव्वल आलेली मुलगी. संचालक रामन यांनी ती मुलगी आहे म्हणून अर्ज नाकारला. ती बंगळूरला गेली, त्यांच्या कचेरीबाहेर सत्याग्रह केला आणि प्रवेश घेऊनच उठली. तोही कसा, तर पहिलं वर्ष परीक्षेवर; संचालकांचं समाधान झालं तरच पुढे. समाधान झालं. त्यानंतर त्या संस्थेची दारं मुलींना उघडली, पुढे हवामानशास्त्रज्ञ म्हणून नाव कमावलेल्या ॲना मणी तर खुद्द रामन यांच्या हाताखाली काम करून गेल्या. कमलाबाईंनी 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे श्वसनाच्या कामातलं प्रथिन असतं हे दाखवलं, नंतर नीरेच्या पोषणमूल्यावर काम करून राष्ट्रपतींचा पुरस्कार घेतला आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. या कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. आणि त्यांचा जन्म कुठला? इंदूरचा. आपल्या गावचा!

हे नाव मंचावरून कुणी घेतलं नाही. पाहुणे बाहेरचे होते, त्यांना सोडून देऊ. पण आपलं वर्तमानपत्र मराठी, निघतं इंदूरहून, आणि आपल्याही बातमीत नाही? रामन यांना नावं ठेवण्यासाठी हे लिहीत नाही, मी जन्मभर त्यांचाच परिणाम फळ्यावर शिकवत आले. पण मुलींसमोर त्या तसबिरीला हार घालायचा तर ही हकीकतही त्यांना सांगा. भाषणातल्या 'हिंमत हारू नका'पेक्षा ती बरीच उपयोगी पडेल.

(आपल्या शनिवारच्या पुरवणीत पूर्वी विज्ञानाचं छोटं सदर असे. ते गेलं आणि त्या जागी राशिभविष्य अर्ध्या पानाचं झालं. साप्ताहिक भविष्य रविवारी असतंच, मग शनिवारी पुन्हा कशाला? माझी मेष रास. या आठवड्यात 'वरिष्ठांशी वाद टाळा' असं आहे, तरी पत्र लिहिते आहे.)

आता मुद्द्याचं. मुलींना विज्ञानाची गोडी नाही, ती लावायला हवी, असं धरून हे सगळे कार्यक्रम होतात. कुणी सांगितलं? सरकारच्याच 2020-21 च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशभर विज्ञान शाखेत मुली साडेएकोणतीस लाख आणि मुलगे पावणेअठ्ठावीस लाखांच्या घरात आहेत. मुली जास्त आहेत! आकडा पडतो तो अभियांत्रिकीत, तिथे त्या तीस टक्क्यांच्याही आत. आयआयटींना 2018 पासून मुलींसाठी जादा जागा काढाव्या लागल्या, त्या वाढवत मुलींचं प्रमाण 2020 पर्यंत वीस टक्क्यांवर न्यायचं होतं. आपल्याकडे सिमरोलला आयआयटी आहे, राजेंद्रनगरपलीकडे प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून प्रखर प्रकाश देणारं इंडस सिंक्रोट्रॉन यंत्र चालतं आहे, होळकर कॉलेज तर 1891 पासून उभं आहे. इंदूरच्या मुलीला विज्ञान दाखवायला परगावचा पाहुणा लागत नाही.

मग अडतं कुठे? मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवून मी निवृत्त झाले, म्हणून दोनच जागा सांगते. बाकीच्या आपल्या वार्ताहराने शोधाव्यात.

पहिली जागा प्रयोगशाळेचं कुलूप. बऱ्याच शाळांत प्रयोगशाळा उघडते ती बोर्डाचं प्रॅक्टिकल तोंडावर आलं की. तोवर फाईल तयार असते, आदल्या वर्षीच्या मुलीची उतरवून. रीडिंगसुद्धा तीच, दशांश चिन्हासकट. व्हर्नियर कॅलिपर डबीत, ऑप्टिकल बेंच धुळीत, आणि किल्ली ऑफिसात ज्यांच्याकडे असते ते रजेवर. मी किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवत असे. त्यावरून मला ऑफिसने एकदा मेमोही दिला होता, 'शासकीय मालमत्ता अनधिकृतपणे बाळगल्याबद्दल'. बाळगली! मधल्या सुट्टीत डबा लवकर संपवून मुली येत आणि मीटर ब्रिजच्या तारेवर जॉकीचं टोक सरकवत विद्युतरोध मोजत बसत. काच फुटली तर फुटली. त्यांना कुणी प्रोत्साहन दिलं नव्हतं, दार उघडं होतं एवढंच.

दुसरी जागा भंवरकुआं, आपल्याकडचा कोचिंग क्लासचा भाग. अकरावीत मॅथ्स घेतलं की क्लास आला, चांगली बॅच संध्याकाळची, सुटते साडेआठला. आमच्या कॉलनीच्या तोंडापासून घरापर्यंतच्या रस्त्यावरचे दिवे दिवाळीपासून बंद आहेत. नातीचा बाबा, म्हणजे माझाच मुलगा, म्हणतो की बॅच सोड. तिच्या वर्गातल्या दोघीतिघींनी याच पायी बायो घेतलं, कारण तो क्लास घराजवळ आणि दुपारचा. मग आपण लिहायचं की मुलींचा कल जीवशास्त्राकडे असतो! स्वच्छतेत 2017 पासून पहिला नंबर सोडायला तयार नसलेलं हे शहर, रोज सकाळी कचऱ्याची गाडी गाणं लावून दारात येते, आणि रात्री त्याच गल्लीत चार दिवे लावायला कुणाला सवड नाही. महापालिकेच्या झोनच्या ऑफिसात तक्रार दिली. पावती मिळाली, दिवे मिळाले नाहीत. ही तक्रार या पत्रातली नव्हे हे मला कळतं, पण वेगळं पत्र लिहिलं तर आपण छापणार नाही.

दहावीचा निकाल लागला की पहिल्या पानावर पेढे भरवणाऱ्या मुलींचे फोटो आपण दरवर्षी छापता. त्यातल्या कुणी पुढे काय घेतलं आणि का घेतलं, हे विचारायला दोन वर्षांनी एखादा वार्ताहर त्यांच्या घरी पाठवून बघा. किंवा त्याहून सोपं, विज्ञान दिन नाही, पाहुणे नाहीत, रांगोळी नाही, अशा एखाद्या मंगळवारी कुठल्याही चार शाळांत जा आणि प्रयोगशाळेची किल्ली मागा. किती वेळाने मिळते ते घड्याळ लावून पाहा आणि तेवढंच छापा. छायाचित्र नसलं तरी चालेल.

ते खोकं आता आमच्या घरी परत आलं आहे. कॉलनीतला एखादा दिवा लागलाच तर तोही त्यातून बघायचा असं नातीने ठरवलं आहे, त्यामुळे झोनच्या साहेबांनी शास्त्रीय कारणासाठी तरी मनावर घ्यावं. आणि पत्र कापायचंच झालं तर शेवटून कापा, कमला सोहोनींचा परिच्छेद तेवढा राहू द्या.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका
सुदामानगर, इंदूर