कोकणाची माती म्हणजे नुसती 'तांबडी' नव्हे

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी तुमच्या शेतीच्या पुरवणीत महाराष्ट्रातल्या मातीवर लेख आला होता, सोबत रंगीत नकाशा. घाटावरच्या काळ्या जमिनीबद्दल दोन कॉलम आणि आमच्याकडे डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत एकच तांबडा पट्टा, खाली 'जांभी माती, निकस, फळबागेस योग्य' एवढी एक ओळ. लेख वाईट नव्हता, काळ्या मातीचं सगळं बरोबर लिहिलंय, पण कोकण एका ओळीत उरकलं त्यावर थोडं बोलावंसं वाटलं.

पहिलं म्हणजे दगड. रायगड-रत्नागिरीचा खालचा दगड आणि नगर-सोलापूरचा दगड एकच आहे, काळा पाषाण, लाव्ह्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मग तिकडे काळी आणि इकडे तांबडी का? तर पावसामुळे. तिकडे वर्षाला ५०० ते ७०० मिमी पडतो, दगड झिजून सुटलेलं कॅल्शियम मॅग्नेशियम तिथेच राहतं आणि त्यातून ती फुगणारी चिकणमाती होते, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. आमच्याकडे दक्षिणेला ३००० मिमीच्या वर, तोही चार महिन्यांत आणि उतारावर, त्यामुळे कॅल्शियम गेलं, पोटॅश गेलं, सिलिकासुद्धा हळूहळू विरघळून वाहून गेली आणि मागे राहिलं लोह आणि अॅल्युमिनियम, हाच तो जांभा. आणि सिंधुदुर्गाच्या दक्षिणेला तर खाली काळा पाषाण नाहीच, वेगळेच जुने खडक आहेत, तरी वर जांभा आहेच. १८०७ मध्ये बुकॅनन या स्कॉटिश अधिकाऱ्याने जांभ्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं ते केरळात अंगाडीपुरमला, तिथेही लाव्हा नाही. म्हणजे भरपूर पाऊस, ऊन आणि पाण्याचा निचरा असला की दगड कुठलाही असो, पुरेसा वेळ मिळाला की शेवटी माती अशाच वळणावर जाते.

हेच रशियात दोकुचायेव या मृदाशास्त्रज्ञांनी १८८३ मध्ये तिथल्या गवताळ प्रदेशातल्या काळ्या मातीचा अभ्यास करून मांडलं होतं, की माती म्हणजे दगडाचा नुसता भुगा नाही, खालचा खडक, हवामान, झाडंझुडपं आणि जीवजंतू, जमिनीचा चढउतार आणि वेळ असं सगळं मिळून ती घडते. आणि रंगावर जाऊ नका हो. त्यांची काळी माती गवताच्या कुजलेल्या मुळांमुळे काळी, आपली घाटावरची काळी असूनही तिच्यात सेंद्रिय कर्ब बऱ्याचदा कमीच भरतो, उलट झाडीखालच्या आमच्या तांबड्या मातीत तो जास्त निघतो. अन्नद्रव्यं धुवून जातात हे खरं, पण म्हणून सरसकट निकस कसं म्हणता?

दोकुचायेव यांचे शिष्य सिबिर्त्सेव यांनी मातीचे तीन गट केले. एक हवामान आणि वनस्पतींनी घडवलेली, दुसरी जिच्यावर मीठ किंवा साचलेलं पाणी अशी एखादी जागेवरची गोष्ट वरचढ झालीय अशी, तिसरी अजून घडायचीच आहे अशी नवी. आता हे जुनं झालं, १९७५ पासून अमेरिकन पद्धत चालते, १२ मुख्य वर्ग, मोजमाप करून ठरवायचे, घाटावरची काळी त्यात व्हर्टिसॉल. पण मला विचाराल तर कोकणातल्या माणसाला जुनी तीन गटांची पद्धतच लगेच समजेल, कारण तिन्ही गट एका गावात चालत जाऊन बघता येतात.

किनाऱ्यावर पुळण, नवी रेती, तिच्यावर मर्यादवेल आणि सुरू, जरा आत आलं की माडाचं आगर. खाडीच्या कडेला खाजण, म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरतं ती जमीन, तिथे मीठच राजा, बांधाबाहेर तिवर आणि कांदळ ही खारफुटीची झाडं, बांधाच्या आत खारजमीन, जिथे उन्हाळ्यात मीठ वर येऊन पांढरी साय धरते आणि पहिल्या पावसात ते धुऊन खाली जाईपर्यंत भात लावता येत नाही. पनवेलला खारजमीन संशोधन केंद्र आहे, तिथून खास खाऱ्या जमिनीसाठी भाताचे वाण निघाले ते याच कारणासाठी. त्याच्या वर मळ्यातली भातखाचरं, मग उतारावरची हलकी वरकस जमीन, नाचणी-वरीची, आणि सगळ्यात वर सडा, उघडा कातळ. मधल्या झाडीत ऐन, किंजळ. पाऊस एवढा असूनही खाली किनारपट्टीला बारमाही हिरवं घनदाट रान फारसं दिसत नाही, कारण उरलेले आठ महिने जमीन कोरडी होत जाते आणि झाडं उन्हाळ्यात पानं गाळतात, वर आंबोलीला गेलात की चित्र वेगळं. म्हणजे वर्षाचा एकूण आकडा पुरत नाही, माती वर्षात किती दिवस ओली राहते ते बघावं लागतं, नव्या वर्गीकरणातसुद्धा ते मोजतात.

खाचराची गंमत वेगळीच. तीच तांबडी आम्ल माती, पण बांध घालून पाणी साचवलं की आतली हवा संपते, लोहाचं रूप बदलतं, माती करडी पडते, आम्लपणा कमी होतो आणि लोहाने धरून ठेवलेलं स्फुरद (फॉस्फरस) थोडंफार सुटून पिकाला मिळतं. वरकसला हे होत नाही, तिथे टाकलेलं स्फुरद लोह-अॅल्युमिनियम धरून बसतं. एकाच शेतकऱ्याच्या दोन तुकड्यांत शंभर पावलांचं अंतर आणि खताचा हिशोब पूर्ण वेगळा.

आता मुद्द्यावर येतो. २०१५ पासून सरकारची मृदा आरोग्य पत्रिका, म्हणजे माती तपासून शेतकऱ्याला मिळणारं कार्ड आलं, त्यात १२ घटक तपासतात, योजना चांगलीच आहे. पण नमुना घ्यायचा नियम असा की कोरडवाहू भागात १० हेक्टरच्या चौकटीला एक नमुना. १० हेक्टर म्हणजे जवळपास हजार गुंठे! विदर्भात सपाट जमिनीला ठीक असेल, आमच्याकडे तेवढ्यात व्हाळ म्हणजे ओढा, खाचर, वरकस, कलमांची बाग आणि कातळ सगळं येतं. मग नमुना खाचरातला आणि शिफारस वरकसला असं होतं, किंवा उलटं, आणि लोक म्हणतात कार्डाचा उपयोग नाही. आमच्याकडे नमुने चौकटीने न घेता जमिनीच्या प्रकाराने घ्यावेत एवढी साधी मागणी आहे. दापोलीचं कृषी विद्यापीठ इथेच आहे, प्रकार कुठले हे त्यांना कोणी शिकवायला नको, गावातल्या म्हाताऱ्यांनाही नको.

आणि सड्याबद्दल एक, कारण दर पावसाळ्यात याचा त्रास होतो. कागदोपत्री पोटखराबा किंवा पडीक म्हणून जो कातळ असतो त्यावर वृक्षारोपणाचे कार्यक्रम निघतात, खड्डे पाडतात, फोटो काढतात, मे महिन्यात एक रोप उरत नाही. कसं उरणार, दोन-चार बोटं माती, खाली कडक थर! आंब्याची कलमं कातळावर जगतात ती सुरुंग लावून, बाहेरची माती भरून, वर्षानुवर्षं पाणी घालून. सड्याची स्वतःची वनस्पती आहे, जूनपासून दोन-तीन महिने गवतं, कीटकभक्षी सीतेची आसवं, कोकणाबाहेर क्वचितच सापडणारा दिपकाडी नावाचा कंद. तेवढ्या पातळ मातीला आणि तेवढ्याच ओलीला जुळलेली झाडोरा-मंडळी आहेत ती. तिथे खड्डे मारून त्यांचंच नुकसान होतं. झाडं लावायचीच तर उतारावर लावा, जिथे पूर्वी रान होतं आणि तोडल्यावर वरची माती धुपून चाललीय, कारण ती गेली आणि खालचा लोहाचा थर उघडा पडून वाळला की दगडासारखा होतो, मग पुन्हा मऊ होत नाही. चिरेखाणीतल्या कुठल्याही कामगाराला विचारा, जांभ्याचा ओला चिरा सहज कापला जातो आणि उन्हात ठेवला की कडक होतो.

नियम बदलेपर्यंत शेतकऱ्यांनी एवढं करावं, माती तपासायला देताना चिठ्ठीवर गट नंबरसोबत खाचर, वरकस, खार की बाग ते लिहावं, प्रत्येकाची पिशवी वेगळी ठेवावी. खाचराची आणि वरकसची माती एकत्र केली तर रिपोर्ट दोन्हीपैकी कुठल्याच जमिनीचा येत नाही. आणि आम्लपणा कमी करायला चुना टाकायचा सल्ला मिळाला तर तो कुठल्या तुकड्यासाठी आहे ते कृषी सहायकाला विचारूनच टाकावा.

आपला,
एक वाचक, राजापूर तालुका