कृमिविवरासाठी आणखी तीन वर्षे

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

इथली नेमणूक मी आणखी तीन वर्षांसाठी स्वीकारली आहे. सही परवाच केली. तुम्हाला आधी विचारले नाही याचे वाईट वाटते. पण विचारले असते, तर आईच्या नुसत्या आवाजाने माझा निर्णय फिरला असता.

बाबा, कुणी न पाहिलेल्या कृमिविवरासाठी, म्हणजे अवकाशातल्या दोन जागा जोडणाऱ्या कल्पनेतल्या बोगद्यासाठी, इतकी वर्षे कशाला, असे तुम्ही विचारलेत. किरणोत्सवाला तुम्ही मला खांद्यावर घ्यायचात आणि मी तुमची टोपी घट्ट धरून बसायचे, ते आठवा. मावळतीचा किरण अंबाबाईच्या चरणांवरून वर चढू लागायचा आणि एखाद्या वर्षी ढग आला की कमरेपाशीच विरायचा. मग मी घरी येईपर्यंत रडायचे. माझे काम त्याच प्रश्नाचे आहे: किरण पलीकडे पोहोचतो की वाटेतच विरतो? आइनस्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ मध्ये समीकरणांतून अवकाशाचे दोन भाग जोडणारा पूल मांडला, पण तो इतक्या झपाट्याने मिटतो की प्रकाशकिरणही पलीकडे पोहोचत नाही, हे १९६२ मध्ये फुलर आणि व्हीलर यांनी दाखवले. मॉरिस आणि थॉर्न यांनी १९८८ मध्ये उघडा राहणारा मार्ग मांडला, मात्र त्याचा गळा मिटू नये म्हणून ऋण ऊर्जा, म्हणजे शून्याहूनही कमी ऊर्जा, लागते आणि ती नेहमीच्या पदार्थात सापडत नाही. पुढे २०१६ मध्ये गाओ, जॅफरिस आणि वॉल यांनी एका गणिती विश्वात कृमिविवराच्या दोन्ही मुखांना विशिष्ट रीतीने जोडले, तेव्हा क्षणभर का होईना, किरण पार गेला. ते गणित प्रथम वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. अवकाश मुळात कशाने विणलेले आहे, याचा धागा तिथे हाती लागेल असे मला मनापासून वाटते, आणि तो अर्ध्यावर सोडून परतले असते तर तुमच्याजवळ राहूनही मी अस्वस्थच राहिले असते.

माझी काळजी करू नका. खोली उबदार आहे, भात रोज होतो आणि आई, तुझ्या कांदा-लसूण चटणीची अर्धी बरणी अजून शिल्लक आहे. तू मात्र डोळ्यांतले थेंब वेळेवर घालायचे आणि महिनाभर फोडणीच्या धुरासमोर उभे राहायचे नाही. बाबा, रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून बंद करायची नसते, आणि अंधार पडल्यावर रंकाळ्यावर स्कूटर न्यायची नाही.

नोव्हेंबरच्या किरणोत्सवाला मी येते आहे. तिकीट काढले आहे. यंदा गर्दीत तुमचा हात मी धरीन.

तुमची,
बाळी