वरच्या मजल्यावरच्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही चहाचं विचारता आणि विषय बदलता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मुलाचा अपघात झाला, मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं. दांडिया बाजारातल्या आमच्या दोन खोल्यांत तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. बोलायचा नाही. डबे आणणारे पुष्कळ होते, त्यांचंही ऋण आहेच. तुम्ही मात्र छोटा स्पीकर घेऊन आलात आणि फिनलंडचा संगीतकार सिबेलियस याचं ‘तुओनेलाचा हंस’ लावलंत.

मौलाबख्शांनी १८८६ साली ज्या गावात संगीतशाळा काढली, त्या बडोद्यात मी गाणं शिकले, पण ऑर्केस्ट्रा म्हणजे माझ्या कानाला गलबलाच. तुम्ही म्हणालात, “सगळं एकदम ऐकू नकोस. मागच्या तंतुवाद्यांना तंबोरे समज. त्यावर एकच गवई गातो आहे, त्याचं बोट धर.” तो गवई म्हणजे कॉर आंग्ले हे फुंकून वाजवायचं वाद्य, ओबोच्या घराण्यातलं, पण त्याच्यापेक्षा पंचमाने खाली बोलणारं. बासरी नाही, ट्रम्पेट नाही; व्हायोलिनांचा आवाजसुद्धा दाबलेला. नऊ-दहा मिनिटं मी कोणाची तरी आलापी ऐकत होते.

मग तुम्ही गोष्ट सांगितलीत. फिनलंडच्या लोकगीतांतून एलियास ल्योनरोट यांनी १८३५ मध्ये जुळवलेल्या ‘कालेवाला’तली. तुओनेला म्हणजे मेलेल्यांचा देश, त्याच्या काळ्या नदीवरचा तो हंस. त्याला मारायला गेलेला लेमिन्काइनेन स्वतःच मारला जातो, त्याचे तुकडे नदीत फेकले जातात. घरी टांगलेल्या फणीतून रक्त गळू लागतं आणि आईला कळतं. ती लोहाराकडून लांब दाताळं घडवून घेते, नदीत उतरते, तुकडा तुकडा गोळा करते, हाडाला हाड जुळवते. शेवटी मधमाशीने स्वर्गातून आणलेल्या औषधाने पोर डोळे उघडतं.

आपली सावित्री यमाशी बोलून नवरा परत आणते. ही बाई कोणाशी वाद घालत नाही, नुसती पाण्यात दाताळं ओढत राहते. काका, त्या दिवसांत मला हीच जास्त जवळची वाटली. रात्री त्याची कूस बदलताना, पट्टीखाली हात घालताना ती माझ्या शेजारी असायची. तुम्ही हे ओळखून सांगितलंत की सहज, मी कधी विचारलं नाही.

चौथ्या की पाचव्या संध्याकाळी तो भिंतीकडेच बघत म्हणाला, “काका, पुढे काय होतं?” आठवड्यातलं त्याचं पहिलं वाक्य. तुम्ही उत्तर न देता, ‘हंस’ ज्या रचनांच्या संचातला आहे त्याच संचातला शेवटचा भाग, लेमिन्काइनेन घरी परततो तो, लावलात. घोडा दौडावा तसं ते संगीत. त्याच्या चादरीबाहेरच्या पायाची बोटं हलत होती. ती तुम्ही आधी पाहिलीत आणि मला खुणेने दाखवलीत.

स्पीकर अजून आमच्याकडेच आहे. रविवारी द्यायला मी येणार नाही. तो स्वतः जिना चढून येणार आहे.

तुमची,
खालच्या मजल्यावरची