रविवारची बैठक: टाकीचं वीजबिल (येताना आकडे घेऊन या)

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी 11 वाजता ठाण्यात, नेहमीच्या हॉलमध्ये जमायचं आहे. विषय एकच: रीफ टाकीची (खाऱ्या पाण्यातल्या कोरलच्या मत्स्यालयाची) वीज. उन्हाळ्यात बिल 300 युनिटांपुढच्या स्लॅबमध्ये गेल्याची तक्रार बहुतेकांची आहे.

येताना प्रत्येकाने चिलर (टाकीचं पाणी थंड ठेवणारं यंत्र), लाइट, रिटर्न पंप (फिल्टरमधलं पाणी टाकीत परत सोडणारा) आणि वेव्हमेकर (टाकीत प्रवाह तयार करणारा पंप) यांचे वॅट व रोजचे तास लिहून आणावेत. वॅट गुणिले तास भागिले 1000, म्हणजे युनिट. 60 वॅटचा पंप किरकोळ वाटतो, पण तो 24 तास चालतो. महिन्याला 43 युनिट! चिलर मात्र थांबून थांबून चालतो, त्यामुळे त्याचं गणित वॅटमीटरनेच करा. ग्रुपचा मीटर ज्यांच्याकडे आहे त्यांनी शुक्रवारपर्यंत पुढच्या सदस्याला द्यावा, कृपया.

तोवर एवढं करा:
- चिलर बंद कपाटात असेल तर बाहेर काढा. स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो.
- 24 अंशांचा हट्ट सोडा, 26 चालतं. बदल रोज अर्धा अंशच.
- पाण्यावर पंखा लावलात तर बाष्पीभवन वाढेल. भर आरओच्या गोड्या पाण्याचीच. पावसाळ्यात दमट हवेत पंख्याचा फारसा उपयोग नाही.
- मेटल हॅलाइड दिव्यांवरून एलईडीवर जाताना तीव्रता कमी ठेवून हळूहळू वाढवा, नाहीतर कोरल पांढरे पडतील.

रात्री पंप बंद करून बचत कोणीही करू नये. ऑक्सिजन तेव्हाच सर्वात कमी असतो.

येणार असाल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा. चहा आहे, नाश्ता घरून करून या.