‘मला डेंग्यू होऊन गेलाय’ म्हणून निर्धास्त राहू नका

महोदय,

पावसाळा सुरू झाला की सिडको, सातपूर, पंचवटी अशा सगळ्या भागांतून तापाचे रुग्ण रक्त तपासायला येतात. त्यांच्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘मला डेंग्यू होऊन गेलाय, परत कसा होईल?’ गोवर-कांजिण्यांवरून हा समज रुळला आहे. डेंग्यूला तो लावणे घातक आहे.

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक प्रकार होऊन गेला की त्याच्यापुरती प्रतिकारशक्ती जन्मभर टिकते. उरलेल्या तिघांपासूनचे संरक्षण काही महिन्यांत ओसरते. पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर जुनी प्रतिपिंडे (पहिल्या लागणीत शरीराने तयार केलेली संरक्षक प्रथिने) विषाणूला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट ज्या पांढऱ्या पेशींत तो वाढतो, त्यांच्यातच त्याला नेऊन सोडतात. क्यूबात १९७७ मध्ये पहिल्या प्रकाराची साथ आली आणि १९८१ मध्ये दुसऱ्या प्रकाराची. त्या दुसऱ्या साथीत १५८ जण दगावले. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेले बहुतेक जण बरे होतात हे खरे, पण गंभीर होण्याचा धोका याच वेळी जास्त असतो.

रिपोर्टही फसवतो. दुसऱ्या वेळी एनएसवन (रक्तात विषाणूचे प्रथिन शोधणारी चाचणी) लवकर निगेटिव्ह होऊ शकते, आयजीएम (ताज्या लागणीची प्रतिपिंडे) क्षीण येते किंवा येतच नाही, आयजीजी (दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडे) मात्र पहिल्या काही दिवसांतच झपाट्याने चढते. एनएसवन निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो, असे धरू नये.

घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘पेशी (म्हणजे प्लेटलेट) किती?’ त्याच कागदावरच्या पीसीव्हीकडे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्केवारीकडे, कुणी पाहत नाही. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्त घट्ट होऊ लागले की हा आकडा चढतो. ४० चा ४८ झाला, म्हणजे २० टक्के वाढला, तर ती धोक्याची घंटा आहे. रक्तस्राव नसताना नुसत्या प्लेटलेट घटल्या म्हणून पिशव्यांसाठी रक्तपेढ्यांत धावाधाव करण्यापेक्षा सलाइन वेळेवर आणि मोजून मिळणे कितीतरी महत्त्वाचे.

साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरतो आणि घरचे सुस्कारा सोडतात. नेमके त्यानंतरचे २४ ते ४८ तास जपायचे असतात. पोटात सतत दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणे, सहा तासांत लघवी न होणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. तापाला पॅरासिटामॉलच, तेही डॉक्टर सांगतील तेवढेच. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिन मेडिकलमधून परस्पर आणू नये. त्याने रक्तस्राव वाढतो.

जुना डेंग्यूचा रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवा आणि ताप आला की तो डॉक्टरांना आपणहून दाखवा. शहरातल्या सर्वच दवाखान्यांनी पावसाळ्यात केसपेपरवर ‘पूर्वी डेंग्यू झाला होता का? कोणत्या वर्षी?’ एवढी एक ओळ छापावी, ही कळकळीची विनंती.

– एक पॅथॉलॉजिस्ट, नाशिक