ई-संजीवनीवर डॉक्टर भेटतात, गोळ्यांचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ई-संजीवनी या सरकारी सेवेवर किती जणांनी घरापासून दूरच्या डॉक्टरांचा ऑनलाइन सल्ला घेतला, याचे आकडे अधूनमधून छापून येतात. सल्ल्यानंतर पेशंटच्या हातात काय पडले, हे मात्र वाचायला मिळत नाही. आमचे गाव अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेला लागून. तिथले पाहिलेले लिहितो.

२०१९ साली सुरू झालेली ही सेवा चांगली आहे, हे आधीच सांगतो. उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी ताई बीपी-शुगर तपासतात, डॉक्टरांना व्हिडिओवर जोडून देतात. सोलापूरच्या सिव्हिलला जायचे तर अख्खा दिवस मोडतो. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे खरी, पण सोबत जाणाऱ्या सुनेचा रोजगार बुडतो तो बुडतोच.

अडते ते पुढे. शेजारच्या मावशींची डॉक्टरांनी नीट विचारपूस केली, बीपीसाठी आणखी एक गोळी लिहून दिली. नेमकी तीच उपकेंद्रात नव्हती. मेडिकलवाल्याने मोबाईलवरची चिठ्ठी खालीवर करून पाहिली आणि विचारले, ‘शिक्का कुठाय?’ केंद्राच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन सूचनांनुसार डॉक्टरांचे नाव, नोंदणी क्रमांक आणि सही असलेली अशी चिठ्ठी चालते. ते दुकानदाराला सांगणार कोण? मावशींनी चिठ्ठीची झेरॉक्स चष्म्याच्या डबीत ठेवली आणि जुनीच गोळी चालू ठेवली. सरकारदरबारी त्यांचा सल्ला मात्र ‘पूर्ण’ झाला!

उपकेंद्रात कोणती औषधे शिल्लक आहेत, हे चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरांना स्क्रीनवर दिसायला हवे. नसलेले औषध प्राथमिक आरोग्य केंद्रातून आणून देण्याची जबाबदारी कुणाची, हेही ठरवून टाकावे. किराणा दुकानदारसुद्धा माल बघून ऑर्डर घेतो. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने आढाव्याच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा: लिहिलेले औषध पेशंटला किती दिवसांत मिळाले.

‘आभा’ या सरकारी आरोग्य-ओळख कार्डाचीही एक गंमत आहे. चौदा अंकी नंबर काढायचा तर ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर जातो. तो मोबाईल पुण्यात कामाला असलेल्या मुलाच्या खिशात, आणि मुलगा शिफ्टमध्ये. म्हातारी उपकेंद्राच्या कट्ट्यावर बसून राहते.

आणि भाषा. आमच्याकडची कितीतरी वयस्कर माणसे दुखणेखुपणे कन्नडमध्येच सांगू शकतात. ताई मध्ये पडून सांगतात, पण बाईमाणसाला काही गोष्टी तिसऱ्यापुढे बोलता येत नाहीत. कन्नड येणारे डॉक्टर सोलापुरात कमी नाहीत. सीमेवरच्या गावांसाठी त्यांना आठवड्यातले ठरावीक वार नेमून द्यावेत. वेळही संध्याकाळची ठेवावी. सकाळी उपकेंद्र उघडते तेव्हा बाया खुरपायला गेलेल्या असतात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. अक्कलकोट, जि. सोलापूर