तेरड्याचा गुलाबी आणि दोन मॉनिटर

सातारा
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर म्हणालीस, "बाबा, दिवाळीच्या सेलमध्ये चोवीस इंची दोन मॉनिटर घेऊन टाकते. एकसारखे, दोन्ही मिळून सोळा हजारांत बसतात." तुझी मीटिंग सुरू होणार होती म्हणून मी नुसतं हं हं केलं. पण रात्री काही झोप लागेना. आज सकाळी तुझे कासचे प्रिंट काढून ओसरीवर उजेडात बसलो आणि ठरवलं, हे फोनवर सांगून व्हायचं नाही. लिहून पाठवतो, म्हणजे ऑर्डर करताना समोर राहील.

सप्टेंबरात आली होतीस तेव्हाचं आठव. इथल्या लॅबमधून आठ बाय बाराचे सहा प्रिंट आणलेस, लॅपटॉप उघडलास आणि तेरड्याचा फोटो पडद्याशेजारी धरलास. पडद्यावर तेरड्याचा गुलाबी नुकताच पाऊस थांबल्यासारखा तजेलदार. कागदावर तोच विटका, खालच्या सावलीतल्या पाकळ्या तर जवळजवळ काळ्या. लॅबवाल्याने वाट लावली म्हणालीस. मला तेव्हाच बोलायचं होतं, पण तू हिरमुसली होतीस म्हणून गप्प बसलो. ताई, लॅबचा त्यात काही दोष नव्हता. तुझ्या लॅपटॉपची ब्राइटनेस शेवटच्या खाच्यापर्यंत वर होती. पडद्याला स्वतःचा उजेड असतो, कागद फक्त खोलीतला उजेड परत देतो. झगझगीत पडद्यावर फोटो फार उजळ दिसला म्हणून तू तो गडद करत गेलीस, आणि तुझ्या फाइलमध्ये जे होतं तेच त्याच्या मशीनने छापलं. स्टुडिओत बसून तीस वर्षं मी लोकांना हेच समजावत आलो, घरात मात्र राहून गेलं.

दुसरं कारण तुझ्या लॅपटॉपच्या पॅनेलमध्ये आहे. कंपनीच्या पानावर तपशील पाहिला, "४५ टक्के एनटीएससी" लिहिलंय. एनटीएससी म्हणजे टीव्हीसाठी ठरलेलं रंगांचं जुनं माप. ऐकायला निम्मं वाटतं. लॅबची मशीन आणि बहुतेक इंटरनेट रंगांच्या ज्या मापावर चालतं ते एसआरजीबी, १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मिळून ठरवलेलं. तुझं पॅनेल त्यातले साधारण तीन पंचमांशच रंग दाखवतं. एसआरजीबी पूर्ण दाखवणारं पॅनेल त्याच एनटीएससी मापात सुमारे ७२ टक्के भरतं, म्हणून जाहिरातीत हा आकडा पाहत जा. तेरड्याचा गुलाबी आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा तुला त्या पडद्यावर खरा कधी दिसलेलाच नाही. डोळ्यांना कमी वाटला म्हणून तू सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, वाढवलंस, सोनकीचा पिवळा त्यातच करपला.

म्हणून माझं म्हणणं असं. एकसारखे दोन स्वस्त मॉनिटर घेऊ नकोस. पैशाचा मोठा वाटा एकावर घाल, जिथे तू फोटोचा रंग ठरवणार आहेस. दुसरा साधा चालेल. त्यावर तुझे ऑफिसचे मेल, चॅट, एक्सेल, आणि फोटो करताना टूलची पॅनेलं आणि छोट्या फोटोंची रांग एवढंच राहणार. दोन मॉनिटरांवर एकच फोटो शेजारी शेजारी ठेवून कुणी काम करत नाही, आणि केलं तरी दोन स्वस्त मॉनिटर एकाच खोक्याच्या लॉटमधले असूनही रंगाला तंतोतंत जुळत नाहीत.

मोठा कोणता? २७ इंची, २५६० बाय १४४० ठिपके, आयपीएस पॅनेल (बाजूने पाहिलं तरी रंग फारसा न बदलणारं), एसआरजीबी शंभर टक्के किंवा नव्व्याण्णव. त्याच्या खाली उतरू नकोस. २७ इंचीमध्ये १९२० बाय १०८० स्वस्तात मिळतो, त्याच्याकडे बघूही नकोस. इंचाला फक्त ८२ ठिपके पडतात, अक्षराच्या कडा फुटतात आणि फोटो शार्प आहे की नाही कळत नाही. चोवीस इंचीला त्याच रेझोल्यूशनमध्ये ९२ पडतात, ते ठीक. २७ इंचीला १४४० घेतलास तर १०९. तुझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे शंभर टक्के झूम केल्यावर साध्या फुल एचडीवर फोटोचा जेमतेम बारावा भाग समोर येतो, या मॉनिटरवर साधारण सहावा-सातवा. फुलाचा परागकोश फोकसमध्ये आहे का हे बघायला तेवढी जागा लागतेच. फोर-के मात्र आत्ता नको. २७ इंचीवर त्यात अक्षरं बारीक होतात, स्केलिंग, म्हणजे अक्षरांचा आकार, वाढवावं लागतं आणि तुझ्या लॅपटॉपला फोटो हलवताना दम लागेल.

आयपीएसचा आग्रह का, ते माझ्याच अनुभवातून सांगतो. २००९ साली स्टुडिओतला जुना डबा मॉनिटर काढून मी चपटा एलसीडी आणला, स्वस्त मिळाला म्हणून. टीएन पॅनेल होतं, म्हणजे बघायचा कोन बदलला की रंग बदलणारं, पण तेव्हा हे नाव मला ठाऊक नव्हतं. पहिल्याच लग्नसराईत एक करिझ्मा अल्बम केला. खुर्चीत टेकून बसलो की नवरीचा चेहरा सावळा, उभा राहिलो की उजळ. तिचा शालू मोरपंखी होता. मला पडद्यावर तो निळा दिसेना म्हणून मी निळा वाढवत राहिलो. छत्तीस पानांचा अल्बम हातात आला तेव्हा शालू निव्वळ निळा आणि नवरीचा चेहरा राखेसारखा. तिच्या आईने अल्बम उघडला, एक शब्द बोलली नाही, नुसती पानं उलटत राहिली. तो अल्बम मी स्वतःच्या खर्चाने पुन्हा छापून दिला. मॉनिटरवर वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त त्यातच गेले. पण मला अजून आठवते ती त्या बाईंची शांतता.

टीएन आता फारसं दिसत नाही, पण व्हीए पॅनेल पुष्कळ मिळतं आणि स्वस्तही असतं. त्याचा काळा फार खोल असतो, सिनेमा बघायला छान. पण जरा बाजूने पाहिलं की सावलीतला तपशील बदलतो आणि तुझी सगळी अडचण सावल्यांचीच आहे. वक्र मॉनिटर तर नकोच. क्षितिजाची रेघ सरळ आहे का हे वाकड्या पडद्यावर कसं बघणार?

एक नवा सापळा आहे. हल्ली गेमिंगचे २७ इंची मॉनिटर "९५ टक्के डीसीआय-पी३" म्हणून बऱ्यापैकी स्वस्त येतात. डीसीआय-पी३ हे सिनेमासाठीचं, एसआरजीबीपेक्षा मोठं रंगांचं माप. आकडा मोठा दिसतो, पण त्यात नीट चालणारा एसआरजीबी मोड नसेल तर प्रत्येक फोटो भडक दिसतो, मग तू रंग उतरवशील आणि प्रिंट फिका येईल. आजच्या चुकीच्या बरोब्बर उलटी चूक. असा घ्यायचाच झाला तर एसआरजीबी मोड आहे का, आणि त्या मोडमध्ये ब्राइटनेस बदलता येते का, हे आधी विचार. काही मॉनिटरांत ती अडकवून ठेवलेली असते. "१ कोटी ६७ लाख रंग" या ओळीला तर काही अर्थ नाही, ती सगळ्यांवर असते.

मोजपट्टी म्हणून आसुसचा प्रोआर्ट पीए२७८क्यूव्ही डोळ्यांसमोर ठेव. २७ इंची, १४४०, आयपीएस, एसआरजीबी शंभर टक्के, डेल्टा ई दोनच्या आत. डेल्टा ई म्हणजे रंगातल्या चुकीचं माप, दोनच्या आत असेल तर साध्या डोळ्यांना फरक सहसा जाणवत नाही. तोच घे असं नाही, डेल, बेनक्यू, एलजी यांच्याकडेही या जातीचे आहेत. दुसऱ्यासाठी २४ इंची फुल एचडी आयपीएस पुरे. पुण्यात ऑफिसं बंद होतात, बदलतात, तिथून निघालेला जुना चांगला मॉनिटर मिळाला तरी चालेल, स्वतः जाऊन चालू करून बघ मात्र. १९२० बाय १२०० चा मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण त्याची उंची २७ इंचीच्या जवळपास येते आणि माउस एका पडद्यावरून दुसऱ्यावर नेताना फारसा अडखळत नाही. सगळं धरून तीस हजारांच्या आत बसव. बसत नसेल तर आत्ता फक्त मोठा घे आणि लॅपटॉपचाच पडदा दुसरा म्हणून वापर. सहा महिन्यांनी दुसरा घेता येईल.

ऑर्डर करण्याआधी लॅपटॉपच्या कडेची भोकं बघ. एचडीएमआय एक आहे ते मला माहीत आहे. यूएसबी-सीमधून चित्र बाहेर येतं का, हे कंपनीच्या पानावर वाचून खात्री कर, सगळ्यांमधून येत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर तुला सॉफ्टवेअर टाकू देत नाहीत, त्यामुळे ज्या डॉकला (एका वायरीवर अनेक मॉनिटर जोडणारा डबा) वेगळा ड्रायव्हर लागतो तो घेऊन बसशील आणि चालणार नाही. जुना मॅकबुक एअर घ्यायचं तुझ्या मनात होतं ना? एम१ आणि एम२ चिपवाल्या एअरला बाहेरचा एकच मॉनिटर जोडता येतो. एम३ला दोन जोडता येतात, पण झाकण बंद ठेवून. झाकण उघडं ठेवून दोन हवे तर एम४.

आता तुझी खोली. मॉनिटरइतकंच महत्त्व मी तिला देतो. टेबल खिडकीकडे पाठ करून लावलंयस आणि खिडकी पश्चिमेची. दुपारी चारनंतर पडद्यावर नुसता उजेड पसरतो. टेबल असं फिरव की खिडकी डाव्या हाताला येईल, आणि जाड पडदा लाव. समोरच्या केशरी भिंतीवर राखाडी किंवा पांढरी चादर ताण. दिवसभर केशरी बघून डोळा त्याला सरावतो, मग पडद्यावरचा पांढरा त्याला निळसर वाटतो आणि तू फोटो पिवळा करत जातेस. टेबल चार फुटी आहे. २७ आणि २४ मिळून साधारण ११५ सेंटिमीटर होतात, म्हणजे बसतील. मोठा अगदी नाकासमोर ठेव, छोटा उजवीकडे थोडा तिरपा. दोघांमधली फट समोर आली तर मान कायम वाकडी राहील, आणि तुझी मान आधीच दुखते. स्टँड वरखाली होत नसेल तर मागे १०० बाय १०० मिलिमीटरची भोकं आहेत ना बघ, पुढे आर्म, म्हणजे मॉनिटर धरणारा हलता दांडा, लावता येईल.

जोडल्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण पडदा पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा करून बघ. एखादा ठिपका मेलेला दिसला, किंवा अंधारात काळ्या पडद्याच्या कोपऱ्यातून फार उजेड झिरपत असला, तर मुदतीत परत कर. खोकं टाकून देऊ नकोस. एचडीएमआयवर काळा रंग राखाडी दिसला तर मॉनिटरला दोष देण्याआधी सेटिंगमध्ये आरजीबी फुल कर. पडदा पिवळसर करणारी विंडोजची नाइट लाइट फोटो करताना बंद, आपोआप उजेड कमीजास्त करणारा डायनॅमिक कॉन्ट्रास्ट कायमचा बंद. मॉनिटर एसआरजीबी मोडवर ठेव आणि अर्धा तास तापू दे.

मग एक पांढरा कोरा कागद पडद्याशेजारी धर, पडद्यावरही पांढरं पान उघड, आणि दोन्ही सारखे पांढरे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवत ये. पहिले दोन दिवस पडदा मेल्यासारखा वाटेल. दम धर.

स्टुडिओत मशीन चालू केलं की मी गिऱ्हाइकाच्या रोलला हात लावण्याआधी कंट्रोल स्ट्रिप, म्हणजे मशीन तपासायची पट्टी, काढायचो, आठवतं? तू शाळेचा डबा घेऊन यायचीस आणि त्या पट्टीवरचे करडे चौकोन मोजायचीस. पट्टी मापात आली नाही तर मी दुकान उघडं असूनही काम घेत नसे. तसंच एक तुला करून देतो. माझ्याकडच्या एका फोटोचा नीट आलेला प्रिंट आणि त्याची मूळ फाइल, दोन्ही तुझ्याजवळ ठेव. महिन्यातून एकदा फाइल उघड, प्रिंट दिव्याखाली धर आणि उजेड जुळतो का बघ. रंग त्यावरून फिरवत बसू नकोस, त्याला कॅलिब्रेटर, म्हणजे पडद्याचा रंग मोजून बसवणारं यंत्रच लागतं. तो मी घेणार आहे, तुझ्या वाढदिवसापर्यंत थांब. तुमच्या ग्रुपमधल्या चौघीजणींनाही वापरायला दे.

आता माझी दोन कामं कर. टेबलाची खोली टेपने मोजून कळव, दोन फुटांपेक्षा कमी असेल तर आर्म आत्ताच घ्यावा लागेल. आणि लॅपटॉपच्या दोन्ही कडांचा फोटो पाठव. तोवर सेलमध्ये काही दाबू नकोस.

वसुबारसेला येशील तेव्हा कासच्या रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) फायली हार्ड डिस्कवर घेऊन ये. तेरड्याचा तो फोटो आपण पुन्हा सुरुवातीपासून करू. आईने चकलीची भाजणी दळून आणली आहे आणि तू येईपर्यंत सोऱ्या काढणार नाही म्हणते.

तुझे
बाबा